फेरीबोटीपलीकडचा किनारा

जळकोटला हमरस्त्यालगत सोमेशचं बी-बियाणांचं दुकान आहे. लग्नाला वर्ष होत आलं तरी त्यानं बायकोला कुठं फिरायला नेलं नव्हतं. आधी खरीप, मग रब्बी. शटर एक दिवस बंद ठेवायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. शेवटी हरभऱ्याची पेरणी उरकली, गिऱ्हाईक पातळ झालं, तेव्हा त्याची आई मल्लम्माच त्याच्या मागं लागली.

"पोरगी माकणीची हाय, धरणाच्या काठाला वाढलेली. पाण्याबिगर तिला करमत न्हाय. ने तिला समुद्राला," ती म्हणाली, आणि दुकानाची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचून मोकळी झाली.

सोलापुरातून बस धरून दोघं गोव्याला पोचली. पहिला दिवस लाटा बघण्यातच गेला. सोमेशनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाट आली की लहान पोरासारखा मागं पळाला. शिवप्रिया पोट धरून हसली. हा माणूस दुकानात इतका गंभीर असतो, आणि इथं बघा, असं तिला वाटलं. त्या दिवसाची आठवण तिला पुढं फार छळणार होती.

दुसऱ्या दिवशी आसपास फिरायला स्कूटर भाड्यानं घ्यायचं ठरलं. हॉटेलपासून जवळच, चर्चच्या भिंतीला लागून स्कूटरींची रांग उभी होती. टोपी घातलेला एक मध्यमवयीन माणूस सीटवरची धूळ झटकत होता. सोमेशला बघताच तो ओळखीचं हसला.

"आलात परत? ह्या खेपेला निळी नाही हां, ती बाहेर गेलीय. पांढरी न्या."

सोमेश गोंधळला. "आमी पहिल्यांदाच आलोय, भाऊ."

माणसानं आता शिवप्रियाकडं पाहिलं. हसू त्याच्या तोंडावरून हळूहळू उतरलं. "असेल, असेल," तो म्हणाला. "माणसासारखं माणूस असतं."

शेजारच्या गिऱ्हाइकाचं लायसन त्यानं दोनदा उलटून पालटून बघितलं होतं. सोमेशनं आपलं पुढं केलं तर हात हलवून म्हणाला, "तुमचं काय बघायचं?"

स्कूटर निघाली. मागं बसून शिवप्रिया फोनवरचा नकाशा बघत होती. वळण सांगायचं काम तिचं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत गाडी वळायची. माडांच्या मधून डावीकडं, शेंदरी फुलांचा हार घातलेल्या क्रुसापाशी उजवीकडं, मग भातखाचरांच्या कडेनं सरळ.

"तुमाला कसं कळलं हितं वळायचं?"

"पाटी होती की."

तिनं मागं वळून बघितलं. पाटी नव्हती.

नदी आली, आणि नदीला पूल नव्हता. फेरीबोट लागलेली होती. दोनचार गाड्या, सायकली, टोपल्या घेतलेल्या बायका असं सगळं एकदम बोटीवर चढलं आणि इंजिन धडधडायला लागलं. सुकटीचा वास इतका दाट होता की शिवप्रियानं नाकाला पदर लावला. समोरच टोपलीवर बसलेली एक कोळीण सोमेशकडं टक लावून बघत होती. तिनं हनुवटीनं शिवप्रियाकडं खूण केली आणि त्याला विचारलं, "ही नवी?"

दोनच शब्द. त्यांचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती.

सोमेशनं मान वळवली. शिवप्रिया कठड्याला धरून उभी राहिली. पाणी हिरवंकाळं होतं, आणि त्याच्याकडं बघता बघता तिच्या मनात एक जुनी गोष्ट वर आली. लग्नाच्या आधल्या वर्षी खताच्या कुठल्याशा कंपनीनं भागातल्या दुकानदारांना गोव्याच्या सहलीला नेलं होतं. आई आजारी होती म्हणून मी गेलो न्हाय, असं सोमेशनं तिला सांगितलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं होतं. आता वाटलं, मल्लम्माला कधीतरी विचारायला हवं होतं.

"तुमी हितं आधी आला होता," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"आईची आन, शिवा. म्या समुद्र कालच बघितला. तुझ्यासंगंच."

"मग ही बाई...?"

"मला काय ठावं? येड्यागत बोलतीया ती."

तिनं बोटीवर दोघांचा एक फोटो मात्र काढला. चार दिवसांनी भांडण मिटलं तर दाखवायला काहीतरी असावं म्हणून.

पलीकडं उतरल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, तांबड्या चिऱ्यांचे पडके बांध, आणि माणूस म्हणून दिसत नव्हता. फोनवरचा नकाशा राखाडी झाला, रेंज गेली. भर दुपार होती, पण पान हलत नव्हतं. स्कूटरचा आवाज झाडांवर आदळून परत येत होता, जणू मागून आणखी कुणी तशीच गाडी चालवत येतंय. वाट दुभागली होती तिथं सोमेशनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

त्याच्या मानेवर घामाचे थेंब उभे होते.

"शिवा," तो म्हणाला, "मला ही वाट ठावी हाय."

तिनं फोनवरून मान वर केली.

"कसं ते कळंना. पुढं उतार लागंल. मग एक वठलेलं झाड. त्याच्या खाली पाणी... आन् तिथं एक म्हातारी बसलेली आसंल." त्यानं हँडलवरचा हात उचलला, तो थरथरत होता. "चल, मागं फिरू. मला न्हाय बरं वाटत."

शिवप्रियाच्या डोक्यात मात्र कोळणीचे दोनच शब्द घुमत होते. ती म्हणाली, "आता कसं आठवलं सगळं? कुणाला आणली होती, त्ये बी आठवंल. चला. बघूच."

"शिवा, ऐक माझं..."

"चला म्हणते ना!"

त्यानं गाडी पुढं घेतली. तिनं हट्ट धरला म्हणून घेतली.

उतार लागला. वठलेलं झाड आलं. त्याच्या खाली दोन काळ्या खडकांच्या मधे मूठभर वाळूचा किनारा होता. लाटा येत होत्या, पण त्यांचा आवाज दूरवरून यावा तसा उशिरा येत होता. झावळ्यांच्या आडोशाला एक म्हातारी शहाळी घेऊन बसली होती. तिनं एक शहाळं तासलं आणि सोमेशच्या हातात दिलं. शिवप्रियाला काही दिलं नाही, विचारलंही नाही.

सोमेशनं शहाळं तोंडाला लावलं नाही. "तोंडावर पाणी मारून येतो," म्हणत त्यानं किल्ली आणि शहाळं शिवप्रियाच्या हातात दिलं आणि तो वाळूतून पाण्याकडं गेला. चालताना त्याचा तोल जात होता.

"बाय," म्हातारी तिच्याकडं न बघता पुटपुटली, "तू पाण्यात जाव नको."

"का?"

"तो जोडीनं येता. जाताना एकटो जाता."

"कोण... कोण जातं एकटं?"

म्हातारीनं कोयत्याच्या टोकानं समुद्राकडं दाखवलं. "हाच. मागची पण तुझ्यासारखीच भांडत आलेली..."

शिवप्रियाच्या हातातून शहाळं निसटलं आणि वाळूत पडलं. सोमेश गुडघाभर पाण्यात उभा होता, पाठमोरा. मग तो वळला. इतक्या लांबून त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्यानं हात वर केला.

"शिवा... ये की गं..."

आवाज त्याचाच होता. पण तो इतका जवळून आला, जणू तिच्या कानाशी कुणी श्वास सोडला.

ती पळाली. चप्पल वाळूत अडकली ती तिथंच सोडली. किल्ली दोनदा घसरली, मग स्कूटर सुरू झाली. मागून हाका येत होत्या. "शिवा! ए शिवा! थांब की! मला सोडून कुठं चाललीस?" आरशात तिला तो दिसला, वाळूत धडपडत पळत येणारा, एकदा पडला, उठला, पुन्हा पळायला लागला. मग चढ संपला आणि आरशात नुसती काजूची झाडं राहिली.

फेरीच्या धक्क्यावर येईस्तोवर तिची भीती थोडी निवळली आणि तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. एका म्हातारीच्या बोलण्यावर आपण नवऱ्याला तिथं सोडून आलो? परत जावं का? तेवढ्यात फोनला रेंज आली. तिनं सोमेशला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"अगं, कुठं हायस तू?" आवाज शांत होता. त्याच्या मागं पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"तुमी... तुमी कुठं हाय?"

"खोलीवर. आनि कुठं आसणार?"

फेरीबोट, खाचरं, क्रूस, माड, ती कशी परतली तिचं तिलाच माहीत. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस आपणहून म्हणाला, "साहेब वरच आहेत. जेवण वरच मागवलं त्यांनी."

दार उघडं होतं. सोमेश पलंगावर बसला होता. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पाय कोरडे. शेजारी रिकामं ताट.

"सकाळपासून डोकं धरलं होतं माझं," तो म्हणाला. "तूच म्हणालीस, तुमी पडा, म्या जवळच फिरून येते. विसरलीस?"

तिनं फोन काढून बोटीवरचा फोटो त्याच्यापुढं धरला. फोटोत ती होती, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून सोमेश होता. घामेजलेला, जरा रुसलेला. मागं नदी.

त्यानं फोटो बराच वेळ बघितला. हा कधी काढला, हे त्यानं विचारलं नाही. हा मी नव्हेच, असंही म्हणाला नाही.

"चांगला आलाय," म्हणाला, आणि फोन तिच्या हातात परत दिला.

ती पुन्हा खाली आली. फाटकापाशी एक रिक्षावाला होता, त्याला तिनं फेरीपलीकडच्या त्या किनाऱ्याबद्दल विचारलं. तो तिच्या अनवाणी पायाकडं बघत म्हणाला, "तिथं कशाला जाता? कुणी राहत नाही तिथं. आणि भरती लागलीय आता. वाळू काय, वाटसुद्धा राहायची नाही."

"पण तिथं एक माणूस आसंल तर...?"

रिक्षावाला उत्तर देणार, इतक्यात मागून हाक आली. सोमेश पायरीवर उभा होता, दोन्ही बॅगा हातात घेऊन. "चल शिवा. आज्जच निघू. बस सुटंल."

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं. आणि ती त्याच्याबरोबर गेली.

जळकोटात सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. सोमेश वेळेवर शटर उघडतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, थैल्या स्वतः उचलतो. शिवप्रिया त्याच्यावर नजर ठेवून असायची. तो कसा जेवतो, कुठल्या कुशीवर झोपतो, झोपेत काय बोलतो... बोट ठेवावं असं तिला काही सापडलं नाही, आणि न सापडण्याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली. कारण एक विचार आता तिला सोडत नव्हता. त्या वाटेवर मागं फिरू म्हणणारा कोण होता? हात थरथरत होता तो कुणाचा? वाळूत पडून उठून जो हाका मारत होता, तोच जर खरा असेल... तर म्हातारी नेमकी कुणापासून सावध करत होती, आणि आपण घरी कुणाला घेऊन आलो?

मल्लम्माला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार?

एका दुपारी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला.

"घ्या ना. आणि एक भाकरी घ्या. तुमाला पुरली नसंल."

पाहुणे आले वाटतं, म्हणून तिनं लगबगीनं हात पुसले, पदर सारखा केला आणि आत गेली.

पाहुणे कुणी नव्हते. पाटावर एकटा सोमेश जेवत बसला होता. मल्लम्मा चुलीपासून लांब, भिंतीला अगदी टेकून उभी होती. परक्या पुरुषापुढं ओढतात तसा तिनं पदर डोक्यावरून कपाळाच्या खाली ओढला होता, आणि टोपल्यातली भाकरी तिनं हात लांब करून, दुरूनच त्याच्या ताटात टाकली. तिची आणि सुनेची नजरानजर झाली.

"बास," सोमेश खाली मान घालून म्हणाला. "पोट भरलं."

जिनं त्याला जन्म दिला ती आई आज त्याला अहो-जाहो का करतेय, हे त्यानं विचारलं नाही.