पाडण्यासाठी मांडलेला आराखडा

एकच बैठकखोली दोघांना दिली गेली, ही कार्यालयाची चूक; ती दोघांपैकी कुणीच सोडली नाही, ही त्यांची. ती रुग्णवाहिकांसाठी येणारे फोन स्वीकारणाऱ्या प्रणालीची रचनाकार, तो खर्च विभागातला. फळ्यावर तिने चौकोन आखले होते. एकेक चौकोन म्हणजे स्वतंत्र सर्व्हरवर चालणारा प्रणालीचा एकेक सुटा भाग.

"एवढे सर्व्हर? राजेशाही थाट आहे तुमचा!"

"फोन करणाऱ्याच्या घरात कुणाचा तरी जीव जात असतो. त्याला ताटकळत ठेवू?"

"मला ठेवलंत तरी चालेल…" म्हणत त्याने तिच्या शाईने माखलेल्या बोटांपुढे रुमाल धरला.

मग वेग की खर्च, हा वाद कँटीनमध्ये रोज रंगू लागला. तो मुद्दाम हरायचा. तिला ते कळायचं—आणि आवडायचंही.

मंजुरी समितीकडे तिने तीन आराखडे पाठवले. पहिला वेगवान, पण महाग. दुसरा मधला, तिला हवा असलेला. तिसऱ्यात फोन घेणारा भाग आणि अहवाल काढणारा भाग एकाच स्वस्त सर्व्हरवर कोंबलेले. अहवाल निघू लागले की फोन खोळंबणार. तो निवडण्यासाठी नव्हताच. तो शेजारी असला की दुसरा शहाणा दिसतो. या लबाडीला त्या व्यवसायात 'पर्यायांचा तौलनिक अभ्यास' असं भारदस्त नाव आहे.

खर्चाची बाजू मांडायला गेलेला तो समितीच्या खोलीतून जवळजवळ धावतच बाहेर आला.

"तिसरा मंजूर करून घेतला! तुझ्या नावावर. बढती पक्की… आता तरी लग्नाला हो म्हण."

तिने त्याला बाजूला ओढलं.

"अरे, तो पाडण्यासाठी मांडला होता! त्यात फोन अडकतात. परिशिष्टात लिहिलंय मी."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"तू वाचशील, असं वाटलं होतं."

तो हलकेच म्हणाला, "पण… क्वचितच अडकतील ना?"

"क्वचितच."

"मग राहू दे की! आत्ता बोललीस तर बढती जाईल तुझी, हसं होईल माझं. तेवढ्यासाठी आपलं मोडायचं?"

इतक्या प्रेमाने कुणी आजवर तिला इतकं हीन काही सुचवलं नव्हतं. तिने समितीच्या खोलीचं दार ढकललं. तो मागोमाग आला.

"तिसरा आराखडा रद्द करा," ती समितीला म्हणाली. "तो तुम्हाला दुसऱ्याकडे वळवण्यासाठी मी मांडला होता."

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

त्याला वाचवणारं वाक्य तिच्या ओठांवर आलंच होतं. त्याने वाट पाहिली नाही.

"छे, साहेब! आमची ओळख… कामापुरतीच."