कुलूप कोणी लावलं?

दुपारी सव्वातीनला चार माणसं अंत्यविधी आटोपून घरी परतली, तर दाराला कुलूप होतं.

त्या चौघांपैकी कुणीही ते लावलेलं नव्हतं.

ही हकीकत खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती माझ्या नात्यातली आहे आणि तिने जेवढं सांगितलं तेवढंच इथे दिलं आहे. भीती वाटायला रात्रच लागते, असं वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तेव्हा लख्ख ऊन होतं आणि समोरच्या बंगल्यातला माणूस पाईप घेऊन आपली गाडी धूत होता.

तिला घरात सगळे थोरली म्हणतात. नोकरी विमा कंपनीत. गाडी चोरीला गेली म्हणून कुणी भरपाई मागितली की खरंखोटं तपासायला हिला पाठवतात. मालक रडो की ओरडो, हिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुलूप कोणी लावलं होतं? लोक म्हणतात, लावलं होतं. ही पुन्हा विचारते, कोणी? तिथे बहुतेकांची बोबडी वळते.

हा प्रश्न तिने वडिलांकडून उचलला होता.

अप्पा बस डेपोत मेकॅनिक होते. उमेदीच्या काळात घेतलेली त्यांची पहिली गाडी दिवसाढवळ्या अंगणातून चोरीला गेली होती. पोलिसांनी तेव्हा हेच विचारलं आणि अप्पांकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर त्यांनी घराला लागून गॅरेज बांधलं, आणि उरलेलं आयुष्य त्या एका प्रश्नावर चिडून काढलं.

घराबाहेर पडायचं झालं की त्यांची फेरी सुरू व्हायची. गॅरेजचं शटर खाली. शटरच्या दोन्ही कड्यांना आतून कुलपं. बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवायची. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जाणारं दार बंद, मागचं दार बंद, खिडक्या बंद. सगळ्यात शेवटी पुढच्या दाराला पितळी कुलूप. हे कुलूप नुसतं दाबून लागत नसे, चावी फिरवावीच लागे. मग ते कुलूप दोनदा ओढून बघायचे. पहिल्यांदा हळू. दुसऱ्यांदा जोरात, कुलपावर खार असल्यासारखं.

खट्... खटाक्.

तोवर बाकीचे रस्त्यावर उन्हात तिष्ठत. गल्लीत त्यांना कडीकोयंडा म्हणत. धाकटा, म्हणजे थोरलीचा भाऊ, एकदा तोंडावर म्हणाला होता, की अप्पा, हे घर आहे का तुरुंग? त्यावर अप्पा वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

सांगायचा मुद्दा असा, की त्या घरातून शेवटी बाहेर पडणारा माणूस कायम एकच होता. दुसऱ्या कुणाला ती सवयच नव्हती.

आणि त्या दिवशी तो माणूस सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. चौघांच्या खांद्यावरून.

परतताना भाड्याच्या गाडीत आईने नेहमीच्या सुरात विचारलं, "ह्यांनी कुलूप लावलं ना गं?"



थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने बायकोकडे. बायकोने खिडकीबाहेर.

थोरलीचा तोल सुटला. मयताचं घर म्हणजे चोरांना आमंत्रण, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दारात चपलांचा ढीग, ये-जा करणाऱ्या अनोळखी माणसांना कोणी हटकत नाही, आणि मग दोन-तीन तास चिटपाखरू नाही. अशी किती घरं तिने पाहिली होती! धाकट्याने सकाळी अप्पांचीच गाडी काढून आईला दवाखान्यातून आणलं होतं. चावी गाडीतच ठेवली होती. शटर अर्धं वर होतं. ती त्याला नको ते बोलली. "बापाला जाऊन एक दिवस झाला नाही आणि घर वाऱ्यावर सोडलंस," म्हणाली. "तू काय केलंस मग?" तो म्हणाला. आई मध्ये बसून पदराशी चाळा करत होती. तिला यापुढे त्या घरात एकटीने राहायचं होतं. तिला तिथे ठेवायचं की नाही, हाच खरा प्रश्न होता, आणि आता त्याचं उत्तर घरी पोचायच्या आतच ठरल्यासारखं झालं होतं.

घर आलं.

दाराला पितळी कुलूप होतं.

ते लावलेलं होतं.

क्षणभर सगळ्यांना बरंच वाटलं. कुणीतरी शहाण्या शेजाऱ्याने लावलं असेल. चावी कोणाकडे?

धाकट्याने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. घरातली चावी खिळ्याला लटकत होती. दुसरी चावी अप्पांची. ती दवाखान्यातून मिळालेल्या त्यांच्या कपड्यांच्या पिशवीत होती आणि पिशवी आईच्या कपाटात.

दोन्ही चाव्या आत होत्या...

थोरली घराभोवती फिरली. सकाळी गर्दीमुळे उघड्या टाकलेल्या खिडक्या बंद. मागचं दार आतून बंद. शटर खाली, जमिनीला टेकलेलं. तिने ते उचलून पाहिलं. तसूभर हललं नाही.

आणि मग आतून कुणीतरी शटरवर थाप मारली.

अगदी हलकी.

"उघडा," आतून आवाज आला. "पाया पडतो. उघडा."

हवालदार आले. कुलूपवाला आला. पितळी कुलपाचा दांडा करवतीने कापायला त्याला घाम फुटला. स्वयंपाकघरातून गॅरेजच्या दाराची कडी काढली तेव्हा आत गाडीत, चालवणाऱ्याच्या जागी, तिशीतला एक माणूस परत जाऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हात काढायचं त्याला सुचत नव्हतं.

शटरच्या दोन्ही कड्यांना कुलपं होती. बॅटरीची वायर काढून नीट फडक्यावर ठेवलेली होती.

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"हा सकाळी आला होता," तो म्हणाला. "ह्याने अप्पांना उचलायला हात दिला."

आणि त्याने त्या माणसाच्या थोबाडीत मारली. हवालदारांनी त्याला धरेपर्यंत आणखी दोन मारल्या. थोरलीने अडवलं नाही. तिला स्वतःलाच मारायची होती. कोण कुठला माणूस, बापाच्या तिरडीला खांदा देतो आणि खांदा देता देता घराच्या कड्या बघून ठेवतो!

चोराने मार मुकाट खाल्ला. त्याला लवकर चौकीवर न्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

अंगणात हवालदारांनी त्याला विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं, ते थोरलीने दोन हातांवरून ऐकलं. तो शटरखालून आत शिरला. चावी गाडीतच होती. फिरवली, पण गाडी चालू होईना. पुन्हा फिरवली. तेवढ्यात समोरचा उजेड कमी व्हायला लागला. शटर खाली येत होतं. सावकाश... आवाज न करता.

मग बॉनेटजवळ एक म्हातारा दिसला. निळा बुशशर्ट, वरचं बटण तुटलेलं. तो कड्यांना कुलपं लावत होता. एकेक कुलूप दोनदा ओढत होता.

"मला वाटलं घरातलं कुणी मागे राहिलं," चोर म्हणाला. "मग त्याने तोंड वळवलं. सकाळी मी त्याच्या डोक्याच्या बाजूने खांदा दिला होता, साहेब. तोंड नीट बघितलं होतं."

हवालदार हसले. थोरली हसली नाही. निळा बुशशर्ट कपाटातल्या पिशवीत होता, घडी करून. वरचं बटण दवाखान्यातल्या नर्सच्या हातून तुटलं होतं, आणि तेव्हा थोरलीखेरीज तिथे कुणी नव्हतं.

"तुला काही बोलला का?" तिने विचारलं.

चोर खाली बघत राहिला.

"माझ्यावर नव्हता चिडला तो. मी हात जोडले तर म्हणाला, तू बस. तुझा धंदाच हा आहे. मला घरच्यांना विचारायचंय."

त्याच आठवड्यात थोरली आईला आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. धाकट्याचा विरोध नव्हता. त्याला घर विकायचंच होतं. आई निघताना दारात घोटाळली. "ह्यांना सांगितलंस का?" तिने विचारलं. थोरलीला त्या वेळी दुःख नव्हतं, निव्वळ संताप होता. चाळीस वर्षं त्या माणसाने सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं. एक दिवस, फक्त एक दिवस, त्याच्या मरणाच्या गडबडीत कुलूप राहिलं, तर जाब विचारायला परत यायचं?

तिने घर स्वतः बंद केलं. शटर, कड्या, वायर, दारं, खिडक्या. पुढच्या दाराला नवीन कुलूप. दोनदा ओढून पाहिलं. मग दाराकडे बघून म्हणाली, "मी लावलं. ऐकलंत? मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकूंचा फोन. घर सताड उघडं होतं.

दारं उघडी. खिडक्या उघड्या. शटर पार वर. गाडी जागच्या जागी, चावीसुद्धा आत लावलेली. काही चोरीला गेलं नव्हतं. कुलपं तोडलेली नव्हती, उघडून आपापल्या कडीला अडकवून ठेवली होती.

धाकट्याने जाऊन सगळं पुन्हा बंद केलं.

संध्याकाळी पुन्हा उघडं.

तिसऱ्या वेळी त्याने नाद सोडला. फोनवर वैतागून म्हणाला, "ताई, मला एक कळत नाही. आयुष्यभर ज्या घराला एवढं जपलं, ते असं उघडं का टाकतील?"

थोरलीने फोन ठेवला आणि आईच्या खोलीत डोकावून पाहिलं. 

कारण त्या घरात आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं...

मंगळवारी दुपारी ती कंपनीत असताना तिच्या शेजारणीचा फोन आला. शेजारीण जरा घुश्शातच होती. म्हातारीला आत ठेवून बाहेरून कुलूप काय लावता, म्हणाली. गॅसवाला आला तर त्या दार उघडू शकल्या नाहीत. उद्या आग लागली तर?

थोरलीने कुलूप लावलं नव्हतं. तिच्या दाराला लॅच आहे. बाहेरची कडी तिने कधी वापरलीही नव्हती.

ती आली तेव्हा कडीला पितळी कुलूप होतं.

तिने ते हातात घेऊन पाहिलं. दांड्यावर करवतीची खूण होती, कापलं होतं तिथेच. पण दांडा अखंड होता. त्याच कुलपाचे दोन तुकडे चोरीचा पुरावा म्हणून चौकीवर जमा होते.

"आई?"

"आहे गं." आईचा आवाज शांत होता. "घाई करू नकोस. हे उघडतील त्यांना वाटेल तेव्हा."

तिथे मात्र थोरलीचा बांध फुटला. जिन्यात शेजारपाजारचे जमलेले असताना ती दारावर मुठी आपटत ओरडली, "अप्पा, उघडा. हे माझं घर आहे. ती माझी आई आहे, तुमची गाडी नाही."



मग तिच्या डोळ्यांदेखत ते कुलूप हललं. कुणाचा हात नव्हता. एकदा हळू... आणि दुसऱ्यांदा जोरात.

खट्... खटाक्.

शेजारीण घरात पळाली.

कुलूपवाल्याने ते कापलं. आई ठीक होती. सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती. थोरली आत गेली. दार तिने मुद्दाम, हट्टाने, उघडं ठेवलं. ही झाली मंगळवारची गोष्ट.

काल सकाळी तिचा मला फोन आला. चार दिवस ती कामावर गेलेली नाही. आई मजेत आहे म्हणाली. कुलूपवाला आता फोन उचलत नाही, तेव्हा तुझ्याकडे लोखंड कापायची करवत असली तर घेऊन ये, म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

मी विचारलं, की तू आत आहेस की बाहेर?

आत, ती म्हणाली. दोघी आत.

मग बाहेरून कुलूप कोणी लावलं?



"लावलंय," ती म्हणाली.

आणि फोन ठेवला.