नळीमागच्या रेघा

माघातला अवकाळी पाऊस सुपेल्याच्या चौकाला झोडपत होता, आणि लॅबच्या दारात एक उंच, सावळा तरुण निथळत उभा होता. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस इतका घाबरलेला टेबलामागच्या मोनालीनं आजवर पाहिला नव्हता.

"रेल्वेच्या रक्ततपासणी कॅम्पातलं रक्त... भूषण. सिग्नल विभाग, पावर हाउस स्टेशन."

"सिग्नलवाले, जरा बाजूले उभे राहा. रजिस्टरवर पाणी पडून राहिलं."

तो चटकन सरकला आणि खुर्चीला अडखळला. मोनालीनं हसू दाबत लिफाफा उघडला. "सिकलिन नाही. एकदम साफ रक्त आहे तुमचं."

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. हा मात्र कानापर्यंत लाल झाला आणि पाऊस थांबेपर्यंत तिथंच बसून राहिला. पाऊस थांबला, तरी बसला. आता याला काय म्हणावं!

मग त्याला कामंच निघू लागली. कधी आईची थायरॉईड तपासणी किती वाजता होते ते विचारायला, कधी पावर हाउसची मूगडाळीची गरमागरम मुंगोडी घेऊन. "जास्तीची झाली," म्हणायचा. रोज कशी जास्तीची होते, हे मोनालीनं विचारलं नाही. चार वाजले की तिचे डोळे आपोआप जिन्याकडे जायचे. त्याच्या बुटांचा आवाज ओळखू येऊ लागला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

तसं तिनं मन घट्ट बांधून ठेवलं होतं. मोनाली सिकलिनची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, वाहक होती. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. पण नवराही वाहक निघाला, तर दर बाळंतपणात चारात एक धोका की लेकरू आजारी जन्मेल. तो आजार तिच्या घरातच होता. मोठा भाऊ समीर थंडी पडली की हाडं धरून कळवळायचा, आणि आई रात्रभर गरम पाण्याची पिशवी बदलत बसायची. म्हणून तिनं ठरवलं होतं, लग्न करीन तर साफ रक्ताच्या माणसाशीच. भूषणचा रिपोर्ट तिनं तीनदा वाचला होता. त्या एका कागदाच्या भरवशावर ती बिनधास्त स्वप्नात तरंगत होती.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, दोघं चौकातून चालत होते. पोलादाच्या कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं होतं. भूषण हळूच म्हणाला, "मोनाली... रविवारी आईले घेऊन दुर्गले तुह्या घरी येऊ का?"

मोनाली खुदकन हसली. "ये ना. पण आधी एक ऐक. मी वाहक आहे सिकलिनची. तुहं रक्त साफ आहे, म्हणून मले भीती नाही..."

भूषण जागच्या जागी थांबला.

"ते रक्त माह्यं नव्हतं."

"म्हणजे?"

"सुई पाह्यली की मले चक्कर येते. माह्या ड्युटीवरचा नरेश म्हणे, आपण एकमेकांची हजेरी लावतो, तर रक्त बी लावून देतो. माह्या चिठ्ठीवर त्यानं दिलं... मले वाटलं, कॅम्पाचा कागद, कोणाले काय फरक पडते?"

मोनाली त्याच्याकडे बघतच राहिली. "तीन आठवडे मी नरेशच्या रक्तावर जीव टाकून राहिली होती का?"

"चूप बसता आलं असतं मले," तो पुटपुटला. "पण तुह्या लेकराच्या बाबतीत खोटं कसं बोलू?"

तिनं हात करून ऑटो थांबवला आणि निघून गेली. घरी जाऊन खूप रडली.

सकाळी लॅब उघडायला आली, तर भूषण बाहेरच्या बाकावर बाही वर करून बसलेला. "माह्यंच घे," तो म्हणाला. "आणि तूच घे."

तिनं त्याचं बोट धरलं. सुई टोचली, तेव्हा तो सुईकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिनं औषधाच्या नळीत थेंब सोडला आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरलं. रेघा दिसत राहिल्या तर साफ. नळी गढूळ होऊन रेघा झाकल्या, तर सिकलिन.

पाच मिनिटं. रेघा दिसत होत्या... मग पुसट झाल्या... मग दिसेनाशा झाल्या.

"पक्कं करायले अजून एक तपासणी करू," ती कशीबशी म्हणाली. "पण तू बी वाहकच दिसतो."

"म्हणजे सिग्नल लाल?"

याच टेबलावर ती किती जोडप्यांना समजावत आली होती! आज पहिल्यांदा ती स्वतःलाही समजावत होती. "दोघं वाहक असले तरी लग्न करता येते, भूषण. दिवस गेले की अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा घेतात. डीएनए तपासला की कळते, बाळाले आजार आहे का नाही."

"तुकडा कसा घेतात?"

"सुईनं. माह्या पोटातून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यानं पुढं होऊन तिचा हात धरला. "मी जवळ बशीन. चक्कर आली तरी हात सोडत नाही."

"आणि बाळ आजारी निघालं तर?"

खाली चौकात बस हॉर्न देत होती. "मले आज नाही माहीत," तो म्हणाला. "त्या दिवशी दोघं बसून ठरवू. जे असंल ते खरं बोलून."

मोनालीचे डोळे भरून आले. कालपर्यंत तिला कागद हवा होता. आज समोरचा हा घाबरट, खरा माणूस हवा होता, आणि तेही अगदी जिवापाड. भीती गेली नव्हती. पण ती आता एकटीची नव्हती. तिनं पर्समधून आपलं वाहकाचं कार्ड काढलं आणि त्याच्या गढूळ नळीशेजारी ठेवलं.

"रविवारी आईले घेऊन ये," ती डोळे पुसत हसली. "आणि पाहा... हजेरीले नरेशले पाठवू नको."