दिवस मावळायच्या आत

विज्ञान केंद्रातला पृथ्वीगोल एक तरुण चक्क वितेनं मोजत होता. तिथं गाईडचं काम करणाऱ्या वेदिकाला हसू आवरेना.

"पृथ्वी आहे ती, वावर नाही!"

"मंग काय करू? नागपूर ते टोरांटो किती लांब, कोणी धड सांगूनच नाही राहिलं." तो वळला. डोळे हसरे होते… जरा जास्तच.

तिनं दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरला. तो थेट उत्तर ध्रुवाजवळून गेला. "साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सगळ्यांत जवळचा रस्ता हाच."

"सगळ्यांत जवळचा — अन् तरी एवढा?"

तो नागपूरजवळच्या खाप्याचा सुशील. विमानतळालगतच्या मिहानमध्ये विमानांची दुरुस्ती करायचा. कॅनडात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, पुढच्या महिन्यात निघायचं होतं. त्यानंतर तो दर रविवारी यायचा. कधी कैरो विचारायचा, कधी ऑकलंड… जिथं त्याला जायचंच नव्हतं, अशी गावं.

"आज कुठलं?" तिनं एकदा विचारलं.

"संपली सारी. आता तूच सांग, काय विचारू?"

जाऊ नकोस — ओठांवर आलेलं तिनं तसंच गिळलं.

पुढच्या रविवारी तो आईला घेऊन आला. जिजाबाईंनी वेदिकाला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा म्हणते, इथून पहाटे चारले निघालं का तिथं दुपारी अडीचले पोचते. साडेदहा तास. माही एकच अट हाय बाई. उद्या मी मेली, तर दिवस मावळायच्या आत घरचं माणूस मातीले आलं पाहिजे. तू शिकलेली, तूच सांग. खरं हाय का वं?"

"आई, काहून तिले…" सुशील पुटपुटला. त्याची नजर विनवत होती.

वेदिकाला सगळं कळलं. खरं सांगितलं तर तो राहील. आणि तो राहावा म्हणूनच सांगितलं, असं त्याला जन्मभर वाटेल. पण या बाईंना खोटं कसं सांगायचं?

"तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं, काकू. प्रवास वीस तासांचा आहे."

सुशीलनं मान खाली घातली. जिजाबाई वेदिकाकडे वळल्या.

"तू राहते कुठं?"

"कोराडीला."

"तिथून खाप्याले किती वेळ लागते?"

"बसनं… तासभर."

"मंग तू येजो." जिजाबाईंनी पदर सावरला. "घरचं एक माणूस आलं म्हणजे झालं. अन् मी काही इतक्यात मरून नाही राहिली. तोवर रविवारी जेवाले येत जा."

सुशील बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "येशील?"

हो म्हटलं, की तो जाणार. नाही म्हटलं, तर कदाचित…

"येईन," वेदिका म्हणाली.