कुणी न लावलेली खजुरी

मला ओळखणारे हे वाचून हसणार. हसा. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात ज्याच्या चहात मी मीठ टाकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण हे मी रचलेलं नाही. माझ्या बायकोची, शैलाची शपथ.

गेल्या नोव्हेंबरमधला रविवार. रात्रसुद्धा नव्हती हो... इथं साडेचारलाच अंधार पडतो. जागा, माझा मित्र अनय याच्या घरामागचं गार्डन.

पण सुरुवात झाली ओमानला.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये, शाळांच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मी, शैला, अनय आणि त्याची बायको शाल्मली वाळवंट बघायला गेलो होतो. आधी एका गावात खजुराची बाग पाहिली. झाडं ओळीत, झावळ्या छाटलेल्या, बुंध्याशी पाणी खेळतंय. लाडात वाढलेली झाडं.

मग ड्रायव्हर सालेमनं जीप आत घातली. किती वेळ नुसती वाळू.

आणि मधेच... खजुरीचं एक रानटी बेट. वाळक्या झावळ्या पार जमिनीपर्यंत लोंबत होत्या. आत झोपडीसारखी पोकळी.

"ही कुणी लावली?" मी विचारलं.

"कुणीच नाही," सालेम म्हणाला. "कुणीतरी थकून बसला. खजूर खाल्ले, बिया थुंकल्या. तो उठला नाही. बिया उगवल्या. तुम्ही आत बसू नका."

अनय आधीच आत.

"अरे, काय गार आहे! एसी लावलाय की काय?" पठ्ठ्यानं मांडी ठोकली, खिशातले खजूर खाल्ले, बिया थुंकल्या.

मी सोडतो होय! मागून जाऊन झावळ्या गदागदा हलवल्या. अनय बोंबलत बाहेर. आम्ही हसून हसून बेजार.

"हलवलंस ते ठीक," तो धापा टाकत म्हणाला. "पण कानात काय 'बैस जरा, दमलास' करत होतास?"

माझं हसू थांबलं.

मी झाडांच्या पलीकडे होतो.

एक शब्द बोललो नव्हतो.

परत आल्यावर अनय कुठंही बसायला लागला. जिन्यात. सुपरमार्केटच्या फरशीवर. ब्लड टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल. मग मला फोन करून खवळायचा, "शश्या, बास आता! तुझाच आवाज आहे. स्पीकर कुठं लपवलायस ते सांग."

कुठंच नव्हता.

मग तो रविवार. शाल्मलीचा फोन. "अनय दुपारपासून पावसात बसलाय. उठतच नाहीये. शशी, तुझा काही चावटपणा असेल ना, तर पाया पडते, थांबव."

मी धावलो.

गार्डनमध्ये काळोख. पाऊस. आणि...

खर्रर्र... खर्रर्र...

वाळक्या झावळ्या एकमेकींना घासल्याचा आवाज. त्यांच्या गार्डनमध्ये एकही झाड नाही.

अनय प्लॅस्टिकच्या खुर्चीत होता. ओठ फुटलेले. पायाशी खजुराच्या बिया. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

शर्ट कोरडा होता.

एवढ्या पावसात... कोरडा. गरम.

"अन्या, ऊठ."

"थांब रे. सावली आहे."

मी आणि शाल्मलीनं त्याला ओढलं. हलेना. जमिनीत रुतल्यासारखा. शाल्मली रडत त्याच्या नावानं हाका मारत होती. आम्ही पुन्हा जोर लावला, आणि एकदम तो हलका झाला. उभा राहिला. क्षणात चिंब भिजला, थरथरायला लागला. शाल्मली त्याला आत घेऊन गेली.

मी एकटाच खुर्चीपाशी.

खर्रर्र थांबलं होतं.

मी खुर्चीची पाठ धरली. आणि कानात, अगदी जवळून... माझाच आवाज.

"बैस जरा. दमलास."

अनय आता ठणठणीत आहे. कामावर जातो. त्याला काही ऐकू येत नाही.

मी बसत नाही. किचनमध्ये ओट्याशी उभा राहून जेवतो. ट्राममध्ये सीट रिकामी असली तरी दांडा धरून उभा. हेसुद्धा उभ्यानंच टाइप करतोय.

"किती दिवस चालणार हा जोक?" शैला विचारते.

आज सकाळी जाग आली तेव्हा मी आडवा नव्हतो.

पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून... बसलो होतो.

तोंडात काहीतरी कडक लागलं. हातावर थुंकलं.

खजुराची बी.

घरात खजूर नाहीत. ओमानहून आणलेले सगळे मी त्याच रविवारी फेकलेत.

शैलानं बी बघितली आणि खो खो हसली. "या वेळी मस्त जमलंय हं!"



मला उठायला... जरा वेळ लागला.