पुसलेले धडे

माझी नात कॉलेजला लागली, त्या वर्षी घडलेलं सांगते. ऐकीव नाही. मी त्याच घरात होते, आजही आहे.

माझी मुलगी आदल्या वर्षी तापात गेली. नातीला करून घालायला मी जावयांकडे राहिले.

मुलीचा एक जुना लॅपटॉप होता. उतारवयात मी त्याच्यावरच वाचायला शिकले. ती कामावर जाताना माझ्यासाठी आवाज भरून ठेवायची. एक ओळ म्हणायची आणि मग, "आई, परत वाच. चुकलं तर चहा नाही!"

ते धडे आम्हा दोघींचेच. जावई कधी त्या वाटेला गेले नाहीत.

नातीला अभ्यासाला लॅपटॉप हवा होता. जावयांनी तोच दुरुस्तीला काढला. दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो आधी मशीनला हात लावून ताप बघायचा.

"जीव आहे अजून," तो म्हणाला. "पण म्हातारं झालंय, आताचं ओझं झेपायचं नाही. सगळं पुसून हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो. पळेल बघा. आतलं काही ठेवायचंय?"

"काही नाही," जावई म्हणाले.

"तिचे धडे आहेत," मी म्हणाले. "तिचा आवाज आहे त्यात."

"तुम्हाला वाचता येतं ना आता, आई? मग?"

डॉक्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

स्पीकर फाटले होते, तेही त्यानं काढून नेले. लॅपटॉप खरंच पळायला लागला.

थोड्या दिवसांनी जावई हॉलमधून ओरडले, "आवाज कमी कर गं!"

नात तर क्लासला गेली होती.

लॅपटॉप टेबलावर होता... मिटलेला.

मग हे रोजचंच झालं. मला काही ऐकू येईना. नातीलाही नाही.

जावयांनी डॉक्टरला बोलावलं. त्यानं खालचं झाकण उघडून दाखवलं. स्पीकरच्या जागी नुसत्या खाचा.

"साहेब, कोरा आहे. बोलणार कशानं?"

त्या दुपारी जावई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आई... 'चुकलं तर चहा नाही' म्हणजे काय?"

मी गॅस बंद केला. धावत जाऊन लॅपटॉपवर कान ठेवला.

"बाळा, मी आहे गं. बोल ना."

गार पत्रा. काहीच नाही...

"आत्ता बोलतेय?" मी विचारलं.

"हो."

"काय म्हणते?"

"परत वाच म्हणते."

एवढे शिकलेले जावई. वर्तमानपत्रातली एकच बातमी घेऊन बसायचे. ओळ संपली की थांबायचे... कान द्यायचे... पुन्हा पहिल्यापासून.

एकदा त्यांनी लॅपटॉप कपाटात कोंडला.

संध्याकाळी पाहिलं तर कपाटासमोर खुर्ची टाकून वाचत होते.

"पुरे करा," मी म्हटलं. "घसा बसलाय."

"चुकतंय म्हणते, आई."

दया यायला हवी होती. मला हेवा वाटत होता. ज्यानं तिला पुसलं, त्याच्याशी ती दिवसभर बोलत होती.

नात आता नवा लॅपटॉप वापरते. जुना माझ्या उशाशी असतो. रोज कान लावते.

नातीची कॉलेजची पहिली परीक्षा संपली, त्या दुपारी जावई खुर्चीतच गेले. वर्तमानपत्र मांडीवर होतं. मुलगी जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

मला तिनं अजून हाक मारलेली नाही.