दलालाचं बोट

पाथर्लीच्या वाटेवर पाऊस आला तो उन्हातच. आश्विनातला पाऊस, येतो म्हणून सांगत नाही आणि जातानाही निरोप घेत नाही. प्रमोदिनीने पदर डोक्यावरून ओढला, चपला हातात घेतल्या आणि जे घर बघायला ती डोंबिवलीला आली होती, त्याच घराच्या ओटीवर धावत चढली.

ओटीवर आधीच एक तरुण उभा होता. खादीचा सदरा, खांद्यावर घडी घातलेलं उपरणं, आणि चेहऱ्यावर… जणू तिचीच वाट पाहत असल्यासारखं हसू.

"जरा डावीकडे सरका," तो म्हणाला. "तिथे कौल गळतं."

ती सरकली. ती उभी होती तिथे टपकन एक थेंब पडला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बराच वेळ उभा आहे ना. घराजवळ गप्प उभं राहिलं की ते स्वतःच बोलायला लागतं."

"असं? मग आणखी काय बोललं?"

"मागच्या भिंतीला ओल आहे म्हणालं. स्वयंपाकघराचं दार श्रावणात फुगतं, मग लाथ मारल्याशिवाय लागत नाही. विहिरीचं पाणी गोड आहे, पण रहाट मोडलाय."

प्रमोदिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा गृहस्थही घर घ्यायला आलेला दिसत होता, आणि मोठ्या गोड शब्दांत तिला पळवून लावत होता.

"हे पाहा," ती म्हणाली, "भिंत ओली असेल तर वाळेल. दार फुगलं तर मी लाथ मारीन. मला हे घर आवडलंय. तुम्ही आपलं दुसरं शोधा."

"अजून तर आत पाऊलही टाकलं नाहीत!"

"ओटी पाहिली. पुरे आहे."

तो मोठ्याने हसला. हसताना त्याचा उजवा गाल किंचित खोल जायचा… हे तिने का पाहून ठेवलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मी त्र्यंबक चौबळ," तो म्हणाला. "या घराचा दलाल."

"दलाल? आणि घराचे दोष सांगता?"

"सौदा झाल्यावर शिव्या खाण्यापेक्षा आधी खाल्लेल्या बऱ्या. त्या निदान ओल्या चुन्यासारख्या असतात, अंगाला चिकटायच्या आत पुसता येतात."

पाऊस केव्हाच थांबला होता. दोघांनाही ते जरा उशिराच लक्षात आलं.

---

प्रमोदिनी गुप्ते ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचे वडील, विश्रामराव, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाले होते आणि सरकारी बिऱ्हाड दिवाळीनंतर सोडायचं होतं. तोवर स्वतःचं घर मिळालं तर ठीक. नाही तर बडोद्याला काकांकडे. काकांचं पत्र येऊन पडलंच होतं, "एक खोली तुम्हा दोघांना देऊ. पमाने नोकरी सोडावी, इथे घरात काम पुष्कळ आहे." ते वाचून प्रमोदिनी वडिलांना एवढंच म्हणाली होती, "बाबा, घर मी शोधते."

आणि शोधलं होतं. आता फक्त घ्यायचं होतं.

घर सखुबाई म्हात्रे यांचं. त्यांच्या नवऱ्याने आपल्या भातशेतीच्या कडेला ते भाड्याने द्यायला बांधलं होतं. नवरा गेला, भाडेकरू गेला, आणि सखुबाईंनी घर विकायला काढलं. दुसरं गिऱ्हाईक होतं कल्याणचे लाकडाचे व्यापारी पोपटशेठ. त्यांना घर पाडून चाळ उठवायची होती.

सौदा कसा होणार ते त्र्यंबकने तिला आणि पोपटशेठना, दोघांना एकाच दिवशी समजावून सांगितलं. तो दलाली शिकला होता पंढरीबुवांकडे, आणि पंढरीबुवांचं आयुष्य गवताच्या वखारींत गेलेलं. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा. गिऱ्हाइकाने त्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पुरता पंजा म्हणजे पाच. आधी हजार, मग शेकडा. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. सखुबाईंनाही हीच रीत ठाऊक. तोंडाने बोललेल्या भावावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आणि सहा सांगायचे असले तर?" प्रमोदिनीने विचारलं. ठाण्याला तलावाच्या काठावर दोघं उभी होती. बाबा जरा पलीकडे चणे घेत होते.

"पंजा दाबायचा, सोडायचा, मग एक बोट."

"शून्य?"

"शून्य सांगायला कुणी हात धरत नाही हो!"

"म्हणजे हात धरला की काहीतरी द्यावंच लागतं?"

शंभर सौदे पार पाडणारा त्र्यंबक त्या घटकेला तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिला.

"समोरच्याची बोली किती ते सांगाल मला?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"मी विचारलं तरी?"

"तुम्ही विचारलंत तर जास्तच नाही," तो म्हणाला. "दलालाचं बोट फक्त ऐकतं, प्रमोदिनीबाई. ते बोलत नाही. एकदा बोललं की तो दलाल संपला."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट घरी जाताना ती टांग्यात उगाचच गुणगुणत होती, आणि बाबा म्हणाले, "चणे बरे आहेत ना?"

---

सौद्याच्या दिवशी सखुबाईंच्या ओटीवर सतरंजी घातली होती. मधोमध त्र्यंबक, उपरणं मांडीवर. एका बाजूला पोपटशेठ, बोटांत अंगठ्या. दुसऱ्या बाजूला विश्रामराव आणि प्रमोदिनी. सखुबाई उंबऱ्यावर, मिश्री लावत.

त्र्यंबकने विश्रामरावांपुढे हात केला, तशी प्रमोदिनी पुढे सरकली.

"बोली मी करणार."

पोपटशेठ खो खो हसले. "अरे चौबळ, आता बाईमाणसाचा हात धरणार का तू भरओटीवर?"

"माझा धरला तर आकडा माझ्या तोंडावरच दिसेल," विश्रामराव शांतपणे म्हणाले. "मेथीची जुडी घेतानासुद्धा मी भाजीवालीला जास्तच देऊन येतो. पमाच करू दे."

"बाईमानूस घर चालवतं, तं घेल बी," सखुबाई म्हणाल्या. "धर रं तिचा हात. लाजतंस काय?"

खरंच लाजत होता. पोपटशेठचा हात त्याने सहज धरला, ऐकला, सोडला. पण प्रमोदिनीचा हात उपरण्याखाली आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चावत नाही मी," ती पुटपुटली.

"हजार…" तो म्हणाला.

तिने पंजा दाबला. सोडला. मग तीन बोटं, एकेक करून, सावकाश. आठ. शेकड्याला काहीच नाही.

पहिला फेरा झाला. त्र्यंबक सखुबाईंच्या कानाशी जाऊन दोन्ही आकडे सांगून आला. त्यांनी पोपटशेठकडे मान हलवली. वरचढ बोली त्यांची.

दुसरा फेरा. हा शेवटचा. पोपटशेठनी हात घातला, काढला आणि मिशीवरून फिरवला. पुन्हा प्रमोदिनीची पाळी. आठ हजार दोनशे. बाबांचा फंड, तिची स्वतःची शिल्लक, सगळं धरून याच्यापुढे एक पैसा नव्हता. तिने पंजा दाबला, तीन बोटं दाबली. "शेकडा," त्र्यंबक म्हणाला. तिने दोन बोटं दाबली. तिचा हात गार पडला होता. पण तिने मान खाली घातली नाही. त्याच्या डोळ्यांत सरळ बघत राहिली.

आणि उपरण्याखाली, तिच्या तळव्यावर, त्याचं बोट हललं.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा…

तीन. आणखी तीनशे वाढव. त्याला दुसरं काही म्हणायचं असूच शकत नव्हतं. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं… आणि लगेच तळ्याकाठचे त्याचे शब्द आठवले. तिने हात काढून घेतला.

पण ती काही बोलायच्या आतच त्र्यंबक उठून उभा राहिला. त्याने उपरण्याची घडी केली आणि सखुबाईंच्या पायाशी ठेवली.

"मावशी, हा सौदा मी करू शकत नाही. माझं बोट हललं."

गवतबाजारात वाढलेल्या सखुबाईंना याचा अर्थ सांगावा लागला नाही. कुणा एका गिऱ्हाइकाकडे दलालाचं मन झुकलं, तर त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करून उपरणं खाली ठेवायचं, दलालीवर पाणी सोडायचं, आणि घेतलेल्या सगळ्या बोल्या रद्द.

"फितुरी आहे ही!" पोपटशेठ ओरडले. "कल्याणच्या बाजारात सांगतो सगळ्यांना, थांब!"

"सांगा," त्र्यंबक म्हणाला. "खरंच आहे ते. बाईंचा यात काही दोष नाही. त्यांनी हात काढून घेतला." आणि कुणाकडेही न पाहता तो ओटीवरून खाली उतरला.

सखुबाईंनी मिश्रीची डबी बंद केली. "आता काय करावं? बोल्या तं गेल्या वाऱ्यावर."

पोपटशेठ सावरून बसले. "मी उघड सांगतो, मावशी. आठ हजार पाचशे. बोल, पोरी, आहेत का तुझ्याकडे?"

"नाहीत," प्रमोदिनी म्हणाली.

विश्रामरावांनी डोळे मिटले. बडोद्याची ती एक खोली त्यांना आत्ताच दिसायला लागली असावी. पण त्यांची मुलगी सतरंजीवरून उठली ती दाराकडे नाही, सखुबाईंकडे गेली. त्यांच्या शेजारी उंबऱ्यालगत जाऊन बसली.

"मावशी, एक विचारू? घर कशासाठी विकता?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. पोपटशेठनी नाही, आणि रीत पाळायची म्हणून त्र्यंबकनेही नाही.

"माज्या काळुरामला भाताची गिरण घ्यायचीय, कल्यानला. मालक दिवालीपरत थांबलाय. मंग दुसऱ्याला देनार."

"म्हणजे पैसे दिवाळीच्या आत हवेत? सगळे?"

"सगलं. अर्धी गिरण देतंय का कोन?"

प्रमोदिनी वळली. "शेठ, तुम्ही साडेआठ हजार कधी देता?"

पोपटशेठनी अंगठी फिरवली. "निम्मे खरेदीखताला. बाकीचे… चाळ उभी राहील, भाडेकरू येतील, पागड्या मिळतील तसे. धंद्यात असंच असतं!"

"माझे आठ हजार दोनशे," प्रमोदिनी म्हणाली, "खरेदीखताच्या दिवशी, ठाण्याला कचेरीच्या पायरीवर, एकरकमी. आणि खरेदीखत आठ दिवसांच्या आत. कागद बाबा स्वतः तयार करतील. जन्मभर तेच केलंय त्यांनी."

विश्रामरावांनी डोळे उघडले. पाठ ताठ झाली.

सखुबाईंनी पोपटशेठकडे पाहिलं, मग या मुलीकडे.

"देते," त्या म्हणाल्या.

"थांबा," प्रमोदिनी म्हणाली. "विहिरीचा रहाट तुम्ही दुरुस्त करून द्यायचा. आणि गळकं कौल."

"अगो बाय! मी हो म्हनल्यावर मागतंस?"

"आधी मागितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला नसता."

सखुबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "लय पक्की हाय ही! देते गो, रहाट देते. कौल तुजा तू बग."

"चालेल," प्रमोदिनी म्हणाली आणि इसाराचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. पोपटशेठ काहीतरी पुटपुटत उठले, पण जाताना सौदा झाला म्हणून वाटलेल्या गुळाचा खडा घेऊनच गेले.

"आन त्या पोऱ्याला सांग," सखुबाई मागून ओरडल्या, "सोताहून उपरना ठेवतो तो दलाल लबाड नसतो! माजं शेत इकायचं झालं तं त्यालाच बोलवीन!"

---

तो बांधापाशी उभा होता. समोर भात पिवळं व्हायला लागलं होतं आणि वाऱ्याने सगळं शेत एका अंगाने झुकत होतं.

"घर मिळालं," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. "मिळालं? पण पोपटशेठ तर…" आणि तो थांबला. आकडा सांगायची सवय अजूनही नव्हती.

"तुमची दलाली बुडाली," ती म्हणाली.

"बुडाली."

"बाजारात चार दिवस हसतील."

"आठ दिवस हसतील. पोपटशेठ भलते बोलके आहेत."

"मग कशाला हललं ते बोट?"

"तुमचा हात गार पडला होता. मला वाटलं, हे घर गेलं तर तुमचे बाबा म्हणाले होते तसं तुम्ही बडोद्याला जाल… आणि मग बोटाने मला विचारलंच नाही. मी आत्ता तुमच्या बाबांकडे जातो. जे काही असेल ते सरळ त्यांना…"

"बाबांना? का, घर त्यांनी घेतलं का?"

"नाही…"

"मग आधी मला विचारा."

वाऱ्याची एक झुळूक आली, तिच्या कपाळावरची बट उडाली, आणि तिने ती मागे सारली नाही. दूरवर ओटीवर विश्रामराव खरेदीखताचा मसुदा मनातल्या मनात जुळवत होते. त्यांना इकडचं काही दिसत नव्हतं… किंवा त्यांनी तसं ठरवलं होतं.

"प्रमोदिनी," त्र्यंबक म्हणाला. 'बाई' कुठे गळून गेली ते दोघांनाही कळलं. "माझ्याशी लग्न कराल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक क्षण… दोन क्षण… त्याच्या गालावरची खळी उमटायच्या बेतात येऊन थांबली.

"बोला ना हो काहीतरी!"

"पहिल्या बोलीला हो म्हटलं," ती म्हणाली, "तर जन्मभर म्हणाल, हिला घासाघीस जमत नाही."

"मग? अटी काय आहेत?"

"नोकरी मी सोडणार नाही."

"कबूल."

"बाबा आपल्याजवळ राहतील."

"कबूल. आणखी?"

तिने विचार केल्यासारखं केलं. आणखी काही मागायचं होतं का? तिला खरंच काही सुचलं नाही.

"बस," ती म्हणाली. "हो."